एका बारीक तापाची कहाणी

माझ्या पहिल्या कादंबरीत नायकाचा धाकटा भाऊ शेवटून तिसऱ्या प्रकरणात मरतो. मरावयास त्याला अडीच पाने लागतात. संध्याकाळी अंग कोमट होते, चेहरा पिठासारखा पांढरा पडत जातो, डॉक्टर येतात आणि मान हलवून जातात, आणि आषाढातल्या एका रात्री तो जातो. कथानक १९३८ सालचे आहे. ते प्रकरण वाचून डोळ्यांना पाणी आले अशी पत्रे काही वाचकांनी पाठवली, तेव्हा मी मनातून खूष होतो. परंतु आमच्या तालुक्याच्या गावी एक वयोवृद्ध डॉक्टर आहेत. कादंबरी परत करताना त्यांनी एवढेच विचारले, "मास्तर, पोरगा मेला कशाने?"

"तापाने," मी म्हणालो.

"कसल्या?"

"बारीक तापाने. असतो की असा एखादा ताप."

"असतो खरा. पण त्याला नाव असते. तुम्ही त्याची नखे पाहिलीत का?"

आपणच निर्माण केलेल्या माणसाची नखे पाहण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मी गप्प बसलो. मग त्यांनी चहा मागवला आणि त्या बारीक तापाचा इतिहास सांगावयास सुरुवात केली. पुढे तो मी माझ्या बेताच्या इंग्रजीनिशी, शब्दकोश मांडीवर घेऊन, जमेल तेवढा वाचला. दिवाळीच्या फराळाबरोबर रोगाची गोष्ट वाढणे बरे दिसत नाही हे मला कळते. पण ही गोष्ट रोगाची जितकी, तितकीच ती पाहण्याची आहे. एक रोग ओळखता येऊ लागला, आणि ओळखता येऊनही सुमारे साठ वर्षे त्यावर काही करता येत नव्हते, त्या वर्षांची ती गोष्ट आहे.

प्रथम तो रोग काय तो सांगतो. आपल्या हृदयाला चार झडपा असतात. रक्त पुढे जावे, मागे येऊ नये, यासाठी त्या उघडतात आणि मिटतात. एखादी झडप लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने आखडलेली असली, किंवा जन्मतःच वेडीवाकडी असली, की तिच्यावरून रक्त गुळगुळीत न वाहता खळखळत जाते आणि ती जागा खरबरीत होते. आपल्या तोंडात, हिरड्यांच्या कडेला, लक्षावधी जंतू सदैव वस्तीला असतात. एखादी कुजकी दाढ हलली, हिरडी फुटली, की त्यातले काही रक्तात उतरतात. धडधाकट माणसाचे रक्त त्यांचा तेथल्या तेथे निकाल लावते. पण वाटेत अशी खरबरीत झडप भेटली तर ते तिला चिकटतात. त्यांच्याभोवती रक्ताचे साखळलेले थर बसतात, आणि भिंतीवर पावसाळ्यात बुरशी धरावी तसे झडपेवर मऊ कोंब धरतात. हृदय मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा उघडमीट करीतच असते. त्या हिसक्यांनी कोंबांचे तुकडे तुटतात आणि रक्ताच्या ओघाबरोबर जातील तेथे जाऊन अडकतात. कधी पाणथरीत, कधी मूत्रपिंडात, कधी मेंदूत, तर कधी बोटाच्या टोकाशी. डॉक्टर मंडळी याला इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस म्हणतात. हृदयाच्या आतल्या अस्तराला जंतूंमुळे झालेला दाह, एवढाच त्याचा अर्थ. त्याची एक जात झपाट्याने येते आणि थोड्या दिवसांत उलटते. दुसरी महिनोन्‌महिने रेंगाळते. माझ्या कादंबरीतल्या पोराला झाली असलीच, तर ही दुसरी.

यातली पहिली अडचण वाचकांच्या लक्षात आलीच असेल. आजार छातीत, आणि तक्रार मात्र भलतीकडे. रोगी सांगतो की ताप येतो, भूक नाही, वजन उतरले, रात्री घाम येतो, सांधे दुखतात. छातीत दुखते असे तो सहसा म्हणतच नाही. १८५२ साली लंडनच्या कर्क्स नावाच्या डॉक्टरांनी हे कोडे बरेचसे सोडवले. हृदयाच्या झडपेवरचे तुकडे सुटून मेंदूत अडकतात आणि त्यातून पक्षाघात होतो, हे त्यांनी शवविच्छेदन करून दाखवले. पुढे १८६९ च्या सुमारास नॉर्वेत विंगे यांना अशा कोंबांमध्ये सूक्ष्म जंतू दिसले. म्हणजे कारणही सापडले आणि वाटही सापडली. पण हे सारे मेल्यानंतरचे ज्ञान. जिवंत माणसाच्या अंथरुणाशी उभे राहून ते कसे ओळखावयाचे?

येथे विल्यम ऑस्लर येतात. हे मूळचे कॅनडातले. मॉन्ट्रिअलच्या इस्पितळात त्यांनी तरुणपणी स्वतःच्या हातांनी शेकडो शवविच्छेदने केली होती. आपण जिवंतपणी केलेले निदान मेल्यावर पडताळून पाहावयाचे, आणि चुकले असेल तर चुकले म्हणून लिहून ठेवावयाचे, अशी त्यांची शिस्त. (आम्हा शिक्षकांना अशी काही सोय नाही, हे समाजाचे भाग्यच म्हणावे लागेल.) १८८५ च्या मार्चमध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये त्यांनी या रोगावर व्याख्याने दिली, तेव्हा त्यांचे वय होते पस्तीस. त्या व्याख्यानांत त्यांनी ओळखण्याची युक्ती सांगितली असेल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात त्यांनी कबुली दिली ती उलटी. ओळखावयास इतके अवघड रोग थोडेच, आणि कित्येकदा तर तो ओळखणे जवळजवळ अशक्य, असे त्यांनी त्या विद्वानांच्या सभेत सांगितले. हा रोग कधी विषमज्वराचे सोंग घेतो, कधी हिवतापाचे, कधी मेंदूच्या विकाराचे. त्याची सोंगे त्यांनी एकेक करून वेगळी मांडून दाखवली. मला स्वतःला त्या व्याख्यानांतला हा भाग सर्वांत मोठा वाटतो. माहीत नाही असे म्हणून झाल्यावरच ते नीट पाहू लागले.

पुढली चोवीस वर्षे ते पाहतच होते. १९०९ साली, ऑक्सफर्डला प्राध्यापक असताना, त्यांनी रेंगाळणाऱ्या जातीच्या दहा रोग्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात एक लहानशी खूण नोंदलेली आहे. बोटांच्या गादीवर वाटाण्याएवढी, लालसर, ठणकणारी गाठ अचानक उठते. काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत ती मावळते, मागे व्रणही राहत नाही. रोगी ती दाखवावयाचे विसरतो आणि डॉक्टर विचारावयाचे विसरतात. आज जगभर या गाठींना ऑस्लरच्या गाठी म्हणतात. परंतु हे माझ्या ध्यानात आणून दिले ते हॅमिल्टन गावच्या डॉक्टर मलिन यांनी, असे ऑस्लर यांनी मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. मलिन हे कॅनडात दवाखाना चालवणारे गृहस्थ. नाव मोठ्याचे झाले, डोळा लहानाचा होता.

अशाच खुणा इतरांनीही टिपल्या, आणि प्रत्येक खुणेवर एकेकाचे नाव बसले. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या रोट यांनी डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रक्ताचे ठिपके पाहिले होते, तेही १८७२ मध्येच. न्यूयॉर्कच्या जेनवे यांनी तळहातांवर आणि तळपायांवर उठणारे, पण मुळीच न दुखणारे लाल डाग १८९९ मध्ये नोंदले. नखाखाली कुसळ शिरल्यासारखी उभी काळपट रेघ दिसते, तिच्याकडे लंडनच्या हॉर्डर यांनी लक्ष वेधले. बोटांची टोके हळूहळू गोलसर फुगतात, डाव्या बरगडीखाली पाणथरी हाताला लागते, पापणी उलटी करून पाहिली तर आत मोहरीएवढे लाल ठिपके दिसतात. ही सारी त्या कोंबांची आणि त्यांच्या जंतूंची दूरदूर पोचलेली पत्रे. पत्ता लिहिलेला असतो हृदयाचा, पण ती येऊन पडतात नखात, डोळ्यात, तळहातावर.

येथे एक सावधगिरीची सूचना केलीच पाहिजे. हे वाचून घरोघर नखे तपासली जातील अशी मला भीती आहे. नखाखालची रेघ ही बहुतेक वेळा दाराच्या फटीत बोट सापडल्याची किंवा कष्टाच्या कामाची खूण असते. एकट्या खुणेला काही किंमत नाही. रेंगाळणारा ताप, झडपेचा विकार आणि असली एखादी खूण एकत्र आली, म्हणजे मग तिचा अर्थ बदलतो.

आता एका थोर माणसाकडे वळतो. गुस्टाव्ह मालर हे व्हिएन्नातले नामांकित संगीतकार. मोठमोठ्या वाद्यवृंदांचे ते संचालन करीत. १९०७ च्या उन्हाळ्यात त्यांची थोरली मुलगी वारली, आणि त्याच दिवसांत डॉक्टरांना त्यांच्या हृदयाची झडप सदोष आढळली. डोंगर चढणारा, तळ्यात पोहणारा हा माणूस तेव्हापासून पावले मोजीत चालू लागला. १९११ साली ते न्यूयॉर्कमध्ये होते. घसा धरलेला, अंगात ताप. तरीही २१ फेब्रुवारीच्या रात्री त्यांनी कार्नेगी हॉलमध्ये वाद्यवृंद चालवला. ती त्यांची अखेरची मैफल ठरली.

ताप हटेना, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी माउंट सायनाय इस्पितळातल्या इमॅन्युएल लिबमन यांना बोलावले. लिबमन यांनी या रोगाला वाहून घेतले होते. नुसते पाहून निदान करण्याबद्दल त्यांची ख्याती होती. त्यांनी छातीला नळी लावली, झडपेचा खरखराट ऐकला. पोट चाचपले, पाणथरी हाताला लागली. पापण्यांच्या आतले आणि कातडीवरचे ठिपके पाहिले. बोटांची टोके पाहिली. निदान झाले. पण लिबमन तेवढ्यावर थांबले नाहीत. रक्तातले जंतू बाहेर वाढवून पाहण्याची पद्धत तेव्हा नुकतीच हाताशी आली होती. या रेंगाळणाऱ्या रोगातला जंतू कोणता, हे जर्मनीत शॉटम्युलर यांनी आणि न्यूयॉर्कला खुद्द लिबमन यांनी १९१० मध्येच सांगितले होते. त्यांनी आपले तरुण सहायक जॉर्ज बेअर यांना सामान घेऊन हॉटेलवर बोलावले. बेअर यांनी मालर यांच्या दंडातून वीस घनसेंटिमीटर रक्त काढले आणि तेथल्या तेथे ते बाटल्यांत आणि बशांत सोडले. चार-पाच दिवसांनी बशांवर जंतूंच्या वसाहती उमटल्या. तोच तोंडात राहणारा स्ट्रेप्टोकोकस.

मालर यांनी सत्य ऐकण्याचा आग्रह धरला, आणि ते ऐकल्यावर व्हिएन्नास परत जाण्याची इच्छा सांगितली. बोटीने पॅरिसला नेले. तेथे पुन्हा रक्त तपासले गेले. तिथल्या प्राध्यापकांनी सूक्ष्मदर्शकाखालचे जंतू कौतुकाने त्यांच्या पत्नीलाच दाखवावयास बोलावले, अशी हकीगत तिने आपल्या आठवणींत सांगितली आहे. ती मी दोनदा वाचली. शास्त्रज्ञाचा आनंद मला समजतो. पण ज्याच्या रक्तातले ते जंतू, तो शेजारच्याच खोलीत कोठेतरी पडलेला होता. १८ मे १९११ रोजी रात्री मालर व्हिएन्नात वारले. वय पन्नास. निदान बिनचूक होते, पुरावा निर्विवाद होता, आणि देण्यासारखे औषध एकही नव्हते.

त्यानंतर वीस वर्षांनी घडलेली गोष्ट याहून चटका लावणारी आहे. बोस्टनच्या हार्वर्ड वैद्यकीय विद्यालयात आल्फ्रेड राइनहार्ट नावाचा विद्यार्थी होता. लहानपणी संधिवाताच्या तापाने त्याची झडप बिघडलेली, आणि आपल्यासारख्यांना पुढे काय होऊ शकते हे तो पुस्तकातूनच शिकत होता. १९३१ साली एकदा घरी त्याने कोटाची डावी बाही काढली आणि मनगटाच्या आतल्या बाजूला पंधरा-वीस बारीक लाल ठिपके त्याच्या दृष्टीस पडले. त्याने दाबून पाहिले. ते फिके होईनात. जवळ त्याची भावजय उभी होती. तिच्याकडे वळून त्याने शांतपणे सांगितले की, आता सहा महिन्यांत मी मरेन. हा अंदाज खरा ठरला. मधल्या काळात मात्र त्याने स्वतःच्या आजाराची टिपणे ठेवली. थंडी कशी भरते, कूस कशी दुखते, मन केव्हा घाबरते, केव्हा थट्टेवर येते, हे सारे त्यात आहे. सोमा वाइस या डॉक्टरांनी ती टिपणे जपली. लिबमन यांच्या सत्तरीनिमित्त निघालेल्या अंकात, १९४२ साली, ती प्रसिद्ध झाली. त्याच वर्षीच्या जानेवारीत वाइस स्वतः मेंदूतली रक्तवाहिनी फुटून वारले. डोके ठणकू लागताच त्यांनीही आपले निदान आपणच केले, असे सांगतात.

कादंबरीत असा योग घातला असता, तर समीक्षकांनी मला सोडले नसते.

१९४२ हे साल मनात ठेवावे. पेनिसिलीन तेव्हा आलेले होते. फ्लेमिंग यांनी ते १९२८ मध्ये पाहिले, ऑक्सफर्डच्या फ्लोरी आणि चेन यांनी १९४० च्या सुमारास ते वापरण्याजोगे केले. पण महायुद्ध चालू होते आणि औषध गुंजेने मोजावे इतके थोडे. अमेरिकेत ते कोणास द्यावयाचे हे एक समिती ठरवी. या रोगाच्या रोग्यांना सुरुवातीला ते देऊन पाहिले, पण लहान मात्रेत आणि थोडे दिवस. गुण आला नाही, तेव्हा यांच्यावर औषध खर्च करू नये असे ठरले. ब्रुकलिनच्या एका इस्पितळातले लिओ लोव यांना हे पटले नाही. झडपेला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात, कोंबांच्या आत लपलेल्या जंतूंपर्यंत रक्तातले शिपाई पोचत नाहीत. मग मात्रा मोठी हवी आणि ती पुष्कळ दिवस हवी, हा त्यांचा हिशेब. शेजारच्याच फायझर कारखान्याच्या चालकांना गाठून त्यांनी जादा पेनिसिलीन मिळवले आणि ते रोग्यांच्या शिरेतून थेंबथेंब सतत सोडत ठेवले. जानेवारी १९४४ मध्ये त्यांनी लागोपाठच्या सात रोग्यांची हकीगत छापली. सातही जणांना गुण आला होता. त्यापूर्वी या रोगातून वाचलेला माणूस म्हणजे अपवादच.

पुढे १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना निघाला, आणि दुसऱ्या वर्षी तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. ऑस्लर यांची गाठ आणि जेनवे यांचा डाग यांना त्यामुळे आमच्या मुलखातही वेगळा अर्थ आला. आता तो रोगी मरणार हे सांगण्यासाठी नव्हे, तर तो वाचावा म्हणून त्या पाहावयाच्या होत्या.

तरीही गोष्ट संपली नाही. हे सांगताना मला माझ्या वर्गाकडे वळावे लागते.

काही वर्षांपूर्वी माझ्या आठवीच्या वर्गात एक हुशार मुलगी होती. एका पावसाळ्यात तिचा घसा धरला, आणि दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजला. तो बरा होतो न होतो तोच घोटा, मग मनगट. कवायतीच्या तासाला ती बाजूला बसे. वाढीच्या वयात अंग दुखतेच, असे आम्ही सगळे म्हणालो. मी तर तिच्या प्रगतिपुस्तकावर 'शारीरिक शिक्षणात टाळाटाळ' असा शेरा लिहिला. अक्षर माझेच आहे. सांध्यांतून फिरत जाणारी ती सूज म्हणजे संधिवाताचा ताप. तो सांधे सोडून जातो, पण झडपा धरून ठेवतो. त्याच वेळी ओळखला, तर दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन देत राहून पुढला घाला टाळता येतो. हे मला ठाऊक नव्हते.

लग्न होऊन ती तालुक्याच्या गावी नांदू लागली. बाविसाव्या वर्षी तिला ताप येऊ लागला. एका दवाखान्यात विषमज्वर म्हणून गोळ्या मिळाल्या. चार दिवस ताप उतरला, पाचव्या दिवशी परत आला. दुसऱ्या दवाखान्यात हिवताप ठरला, गोळ्या बदलल्या. असे सहा आठवडे गेले. शेवटी तिची सासू तिला घेऊन आमच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी तापाचे विचारलेच नाही.

"बाळ, शाळेत असताना सांधे सुजले होते का?" त्यांनी विचारले, आणि तिचे दोन्ही हात खिडकीच्या उजेडात धरले. दोन नखांखाली कुसळासारख्या रेघा होत्या. मग पापणी उलटी केली, मग छातीला नळी लावली.

त्यांनी पहिली गोष्ट केली ती गोळ्या बंद करण्याची. सासूबाई रागावल्या, तापात औषध बंद करणारा डॉक्टर त्यांनी पाहिला नव्हता. पण अर्धवट गोळ्यांनी जंतू मरत नाहीत, फक्त रक्तात लपतात, आणि मग बाटलीत वाढवून पाहिले तरी उगवत नाहीत. शहरातल्या इस्पितळात तिचे रक्त तीन वेगवेगळ्या वेळी तीन ठिकाणांहून घेतले, आणि त्यानंतरच इंजेक्शने सुरू केली. मालर यांच्या हॉटेलात बेअर यांनी केले ते याहून फारसे निराळे नव्हते. शिवाय आता ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र काढता येते. झडपेवरचा कोंब पडद्यावर हलताना तिच्या नवऱ्याने पाहिला. चार आठवडे शिरेतून पेनिसिलीन, दिवसाला एक कोटीहून अधिक युनिटे. पुढे सहा महिन्यांनी झडपेची शस्त्रक्रिया झाली. आज ती बरी आहे, बालवाडी चालवते, आणि दाढ काढावयाची असली की आधी दंतवैद्याला आपली झडप सांगते. जुन्या प्रगतिपुस्तकाविषयी मी तिच्याजवळ बोललो. तिला तो शेरा आठवत नव्हता. तिच्या आईला मात्र आठवत होता.

माझ्या कादंबरीची दुसरी आवृत्ती यंदा निघत आहे. प्रकाशकांना वाटते की त्या धाकट्या भावाला वाचवावे, वाचकांना ते आवडेल. मी डॉक्टरांचा सल्ला घेतला. ते म्हणाले, "मास्तर, साल अडतीसचे. औषध नाही. कसे वाचवाल?" तेव्हा तो मरतो, त्याच आषाढातल्या रात्री. मी फक्त चार ओळी वाढवल्या आहेत. गावातला डॉक्टर येतो, कंदील जवळ आणावयास सांगतो, आणि मुलाचा हात हातात घेऊन बराच वेळ त्याची नखे पाहत बसतो.